पेन्सिलीतला जोड

रऊफभाईंना रस्त्यावरून सरळ चालताना मी कधी पाहिलं नाही. आमच्या कासार गल्लीत ते शिरायचे ते डाव्या अंगाने. पोस्टाच्या पेटीपाशी रस्ता ओलांडायचे, मग सात-आठ घरं उजवीकडून, मग एखाद्या ओट्याला खेटून पुन्हा डावीकडे. नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थ भरदुपारीच घेऊन आलाय. घेतलेलं काही नसायचं, तंबाखूसुद्धा नाही. ते रस्त्यावरून चालतच नव्हते. रस्त्याखालच्या पाइपावरून चालत होते. आणि चालता चालता मध्येच एक लांब टांग टाकत. समोर ना दगड असे ना खड्डा, पण खाली पाइपाचा जोड असे. जोडावर पाय द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तुमच्या एवढ्याशा वजनानं चार फूट खालच्या लोखंडाला काय होणार, असं मी एकदा विचारलं.

"कायच होत न्हाई, बाई," ते म्हणाले. "पण मी दिलेला जोड आहे. मीच त्याच्यावर पाय कसा द्यावा?"

रऊफभाई आमच्या गावचे व्हॉल्वमन. म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीला नळाचं पाणी सोडायचं, किती वेळ सोडायचं आणि कधी तोडायचं, हे ज्याच्या हातात तो माणूस. गावाचं नाव मी सांगत नाही. जालना जिल्ह्यातलं, अंबडच्या पुढचं, एवढं पुरे; मला अजून तिथेच राहायचं आहे. शहागडपासून टाकीपर्यंत गोदावरीचं पाणी सरकार आणतं आणि टाकीपासून घरापर्यंत रऊफभाई, असं आमच्याकडे बोललं जाई. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत होते. त्यांची मुलगी शाहीन माझी विद्यार्थिनी, आणि त्यांचं घर आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला. ओळख एवढीच, पण ती पंचवीस वर्षांची.

माणूस उंच, काटकुळा, दाढी मेंदीने रंगवलेली. अंगात नगरपालिकेचा खाकी शर्ट, खांद्यावर चावी. चावी म्हणजे चार फुटांची लोखंडी पहार, वरच्या टोकाला आडवा दांडा. हात लागून लागून तो दांडा चकचकीत झाला होता. चेंबरचं झाकण सरकवून ते चावी खाली व्हॉल्वला लावत आणि फेरे मोजत ती फिरवत. कासार गल्लीला साडेअकरा फेरे. मग उकिडवे बसून दांड्याला कान लावत आणि डोळे मिटत. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका तेवढं मिनिटभर गप्प होत. आमच्या गल्लीतल्या बायका गप्प होण्याचा आठवड्यातला तो एकच प्रसंग.

त्यांच्या मनासारखा आवाज आला की म्हणत, "येईल. बराबर येईल." हे वाक्य त्यांना सगळीकडे चालायचं. पाऊस लांबला तरी, भोकरदनची गाडी चुकली तरी, शाहीनचा दहावीचा निकाल लागायचा होता तेव्हासुद्धा. निकालाच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे येऊन रडली, की अब्बूंना माझी काही फिकीर नाही, मी विचारलं तर म्हणतात बराबर येईल. मी तिला सांगितलं की तुझे अब्बू पाण्याशीही असंच बोलतात आणि पाणी येतं. निकाल चांगला आला, त्यामुळे माझी लाज राहिली.

नगरपालिका दर वर्षी कर्मचाऱ्यांना डायरी देई. कोणता व्हॉल्व कुठे आहे, कोणती लाइन कधी फुटली, याची नोंद ठेवावी म्हणून. रऊफभाई ती डायरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या शाळेत आणून देत. पोरं तिच्यात चित्रं काढत. हत्ती, बैलगाड्या, गणपती, सगळं त्या तारखांच्या ओळींवर. तुम्ही काहीच कसं लिहीत नाही, असं मी विचारलं की ते तर्जनीने कपाळावर दोनदा टकटक करत. "डोक्यात आहे ना."

आणि होतंच. एकदा जमिनीखालचा पाइप शोधणारं यंत्र एक दिवस नुसतं दाखवायला बाहेरगावची मंडळी घेऊन आली. नगरपालिकेच्या साहेबांनी रऊफभाईंना पुढे चालायला सांगितलं आणि यंत्र मागून. दिवसभर दोघांचं जमलं. यंत्र जिथे वाजे तिथे रऊफभाई आधीच उभे. फक्त बाजारपट्टीत एका जागी यंत्र दोन हात पलीकडे वाजलं. खणून पाहिलं तर यंत्राचं बरोबर. बाकी सगळ्यांनी रऊफभाईंची पाठ थोपटली आणि विषय संपला. त्यांचा संपला नाही. पुढचे दोन-तीन महिने ते ज्याला त्याला सांगत होते, "बाजारात दोन हात चुकलो." कुणी विचारलेलं नसताना. त्या दिवसापासून बाजारपट्टीतून जाताना ते दोन हात पलीकडून चालू लागले.

आमच्या गल्लीला बाकीच्या गल्ल्यांपेक्षा वीस मिनिटं जास्त पाणी मिळत असे. मंगळवारी चार वाजता यायचं आणि शेजारच्या गल्लीचं तुटलं तरी आमचं चालू. कारण विचारलं तर रऊफभाई म्हणत, "लाइन लंबी आहे." माझे यजमान हयात होते तेव्हा त्यांनी याचा अर्थ स्वतःपुरता लावून घेतला होता. गल्लीतली वजनदार माणसं कोण, हे नगरपालिकेला कळतं, असं ते म्हणत. मला दुसरा अर्थ सुचत नव्हता, म्हणून मीही तो चालवून घेतला.

मग एका उन्हाळ्यात रऊफभाई चेंबरमध्ये घसरले. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं. कपाळ कडेवर आपटलं, चार टाके पडले. डोक्याला मार म्हणून जालन्याला नेऊन स्कॅन केलं. माराचं काही निघालं नाही. दुसरंच निघालं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांची तपासणी करायला संभाजीनगरला पाठवलं, आणि रिपोर्ट घ्यायला जायच्या आदल्या दिवशी जैबुनभाभी माझ्याकडे आल्या. रऊफभाईंची बायको माझ्याशी पंचवीस वर्षांत मोजकंच बोललेली. शाहीन परभणीला, तिचं बाळ लहान, तिला येता येत नव्हतं. त्या म्हणाल्या की तुम्ही सोबत चला. मला वाटलं इंग्रजी वाचायला माणूस हवा असेल. तसं नव्हतं. "डॉक्टर क्या भी बोला तो ये घर कू आके एकच बात बोलते, बराबर होता. मेरे कू सच्ची बात सुननी है."

डॉक्टर तरुण होता आणि त्याला घाई नव्हती, हे आमचं नशीब. त्याने कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या असतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. मध्ये दोघींना जोडणारा एक छोटा पूल असतो. रऊफभाईंची उजवीकडची वाहिनी सुरुवातीलाच दोऱ्याएवढी बारीक होती, जवळजवळ नसल्यासारखी, तीही जन्मापासून. डावी एकटी दोन्हीकडचं काम करत आलेली. उजव्या बाजूचं सगळं रक्त त्या पुलावरून जायचं, आणि जिथे ते वळतं तिथे भिंतीला मार बसून बसून फुगा आला होता.

रऊफभाईंनी विचारलं, फुगा किती सुताचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाइपवाल्यांचं माप. डॉक्टरला ते ठाऊक नव्हतं. त्याने सात मिलिमीटर सांगितले. "म्हंजे दोन सुतांच्या वर," रऊफभाई स्वतःशी म्हणाले आणि कागद आपल्याकडे ओढून बराच वेळ पाहत राहिले.

डॉक्टर सांगत होता की यात विचित्र काही मानू नका. पुस्तकातल्यासारखी सगळी रचना बऱ्याच लोकांच्या डोक्यात नसतेच. कुणाची एखादी वाहिनी बारीक, कुणाची गायब, आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. हे ऐकून रऊफभाई चक्क खूश झाले. नकाशा वेगळा आणि जमीन वेगळी, हे त्यांना कुणा शिकलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. भाभींना मात्र त्यात खूश होण्यासारखं काही दिसेना.

पुढचं डॉक्टरने सावकाश सांगितलं. फुग्याचा आकार वेडावाकडा, आणि रऊफभाईंचे मोठे भाऊ मशिदीत नमाजाआधी वजू करता करता डोकं धरून बसले आणि उठलेच नाहीत, हे ऐकल्यावर त्याला वाट पाहणं पसंत नव्हतं. कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. पण पूल जपायचा, कारण इतर माणसाचा पूल बंद पडला तर उजवीकडच्या वाहिनीतून रक्त येतं, यांना येणार नाही. शिवाय पुलापासून केसासारख्या फांद्या निघतात, त्या आठवणींच्या जागेला जातात. त्यांना धक्का लागला तर माणूस चालतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो, पण नवं काही लक्षात राहत नाही, जुनंही कुठे कुठे पुसलं जातं. मग न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगतो. ते खोटं बोलणं नसतं, कारण त्याला स्वतःला ते खरंच वाटत असतं. होईलच असं नाही, पण होऊ शकतं.

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे ऐकलंत ते खरं आहे. त्यांनी नवऱ्याला विचारलं की मग नको करायचं का.

"भाईला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला माहीत झालं. माहीत झाल्यावर व्हॉल्व उघडा टाकून घरी झोपता येत न्हाई."

परतीच्या एस.टी.त भाभी खिडकीशी तसबीहचे मणी ओढत बसल्या. अंबडच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा रऊफभाई मागच्या सीटकडे वळून मला म्हणाले, "बाई, तुम्ही हिंदुस्तानचा नकाशा फळ्यावर हातानं काढता. गावाचा काढाल का? पाण्याचा?"

मी हो म्हटलं. त्या वर्षी नगरपालिकेला नवी पाइपलाइन मंजूर झाली होती. पावसाळ्यानंतर काम सुरू व्हायचं होतं, आणि जुन्या लाइनींचा कागद कुठेही नव्हता. नवे इंजिनिअर साहेब महिनाभर कपाटं उपसत होते. कागद कपाटात नव्हता, कपाळात होता, आणि कपाळ तीन आठवड्यांनी उघडायचं होतं.

ड्रॉइंगचे चार कागद चिकटवून मी आमच्या पडवीत पसरले. शाळा सुटली की रऊफभाई येत. खुर्ची दिली तरी खाली बसत. आधी मी त्यांचं पाऊल मोजून घेतलं. दोन फूट चार इंच भरलं, आणि मग कितीही वेळा मोजलं तरी तेवढंच. ते डोळे मिटून गावात चालायला लागत. टाकीपासून निघालो, सत्तर पावलं, डावीकडं व्हॉल्व, पुढं उतार. मी निळ्या शाईने लाइन ओढायची, लाल चौकोन व्हॉल्वचा, काळं टिंब जोडाचं. मध्येच थांबून ते म्हणत, इथं कुत्रं बसतं. मी विचारायची, तेही काढू का. नको म्हणत, पण मला आठवायला लागतं. असे आम्ही रोज दोन तास गावात फिरत असू. तीस वर्षं राहून जे गाव मला माहीत नव्हतं, ते त्या आठवड्यात माहीत झालं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली.

आठव्या दिवशी आम्ही कासार गल्लीत शिरलो. पोस्टाच्या पेटीपाशी रस्ता ओलांडला, सात-आठ घरं उजवीकडून, पुन्हा डावीकडे, माझं घर, माझ्या घरापासून पाच घरांवर विजेच्या डीपीचा खांब. तिथून उताराला खालची गल्ली लागते. रऊफभाईंनी डोळे उघडले.

"इथं पेन्सिल घ्या, बाई."

खालच्या गल्लीचं आणि आमचं भांडण जुनं. आमच्या गटारीचं पाणी उताराने त्यांच्या दारात जायचं. त्यांनी एकदा दगड घालून गटार तुंबवली. त्याच सुमारास त्यांच्या नळाची लाइन सिमेंटच्या रस्त्याखाली दबून बंद झाली. कासार गल्लीच्या लाइनीतून जोड द्यावा, एवढा साधा उपाय होता. आमच्या गल्लीने अर्ज दिला की एक थेंब देणार नाही. त्या अर्जावर पहिली सही माझ्या यजमानांची. तेव्हाच्या साहेबांनी दोन्ही बाजूंना होकार भरला आणि फाइल ठेवून दिली. पुढे खालच्या गल्लीला पाणी आलं, ते त्यांच्या जुन्या लाइनीतूनच सुरू झालं असं रऊफभाईंनी सांगितलं, आणि आम्ही ते मानलं.

पडवीत बसून त्यांनी मला खरं सांगितलं. आमच्या गल्लीतलं एक लग्न भोकरदनला होतं. झाडून सगळी गल्ली, मीसुद्धा, बस करून गेलो होतो. त्या एका दुपारी त्यांनी डीपीच्या खांबाशी एकट्याने खड्डा घेतला, आमच्या लाइनीतून खालच्या गल्लीला आडवा पाइप दिला आणि संध्याकाळच्या आत वरून सिमेंट सारवलं. आम्ही परत आलो तेव्हा ओलं सिमेंट दिसलं. लीकेज होतं, असं ते म्हणाले होते. मला ते आठवलं. यजमानांनी त्यांना शाबासकीही दिली होती, सुट्टीच्या दिवशी काम केलं म्हणून. आणि तेव्हापासून, आमच्या पाण्यातून खाली जातं तेवढं भरून निघावं म्हणून, आमच्या गल्लीला वीस मिनिटं जास्त.

मला राग आला. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली होती, ती वीस मिनिटं आपल्या वजनामुळे मिळतात, या समाधानात ते गेले. राग रऊफभाईंचा होता की यजमानांचा की माझा, ते त्या वेळी मला ठरवता आलं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. रऊफभाई वाट पाहत राहिले. मी ती पुन्हा उचलली.

ते सांगत होते, "जल्दीत काम केलं. वळण न्हाई दिलं, काटकोन दिला. तिथंच पाणी मारतं. दर दोन-तीन वर्षाला फुगून फुटतं, मी जाऊन बांधतो. दवाखान्यात त्यानं चित्र काढलं ना, मी बघतच राह्यलो. तिथंबी तसंच." डॉक्टरच्या कागदाचं नाव त्यांनी तेवढंच काढलं, पुन्हा कधी नाही.

मी विचारलं की मग शाई का नको.

"शाई केली तर कागद ऑफिसात लागंल, गल्ली बघंल, भांडण उभं राहील. न्हाई केली तर नवी लाइन टाकून साहेब तुमची जुनी बंद करतील, तिच्यासंगं हा जोडबी मरंल, अन् नव्या कामात खालच्या गल्लीचं नाव न्हाई, कारण त्यांची लाइन चालू आहे, बदलायला नको, असं मीच सांगितलेलं. पस्तीस घरं आहेत, बाई. मला दुसरं काय सुचून न्हाई राह्यलं. मी दवाखान्यातून आलो अन् मला आठवलं, तर मी ठरवतो. न्हाई आठवलं, तर तुम्ही ठरवा."

"मीच का?"

"पहिली सही तुमच्या घरातली आहे."

ते रागाने म्हणाले नव्हते. खांबाजवळ मी बारीक पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि टोकाला फिकं टिंब दिलं.

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाला, आणि ते खरंच होतं. चिमटा जागेवर बसला, फुगा बंद झाला, पूल वाचला, हातापायांत काही कमी आलं नाही. महिनाभराने रऊफभाई घरी आले. डोक्यावर या कानापासून त्या कानाच्या वरपर्यंत गेलेला व्रण, त्यावर जाळीची टोपी. मला पाहताच म्हणाले, "या बाई, शाळा सुटली का?" मला फार बरं वाटलं. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं, शाळा सुटली का.

मग सांगायला लागले की सकाळीच शहागडला जाऊन आलो, मोटर बघायला. मोटर ठीक आहे. नदीकाठी एकानं मच्छी खाऊ घातली. काटे फार होते. सगळं इतकं नीटनेटकं, की मी भाभींकडे पाहिलं. भाभींनी दाराआडून नाही अशी मान हलवली. ते अंथरुणातून न्हाणीपर्यंतच गेले होते.

सुरुवातीला भाभी त्यांच्याशी वाद घालत. तुम्ही घरातच होता, मी समोर बसलेली होते, असं समजावत. ते हिरमुसत, आणि दहा मिनिटांनी पुन्हा शहागडला जात. एक दिवस मी गेले, तेव्हा भाभी भाजी निवडत होत्या. रऊफभाईंनी मच्छीपर्यंत गोष्ट आणली. भाभींनी मान वर न करता विचारलं, "तीखी थी क्या?" ते म्हणाले, "हौ, थोडी." मी तिथून लवकर उठले. मला तिथे बसवेना.

पावसाळा संपला. इंजिनिअर साहेबांनी निरोप पाठवला की मंगळवारी नकाशा घ्यायला येतो, आणि रऊफभाईंना विचारून एकदा खात्री करून घेऊ. त्याच आठवड्यात शाहीन येऊन आईवडिलांना परभणीला नेणार होती, म्हणून ते घाईचं. रऊफभाईंना मी त्या मंगळवारनंतर पाहिलेलं नाही.

साहेब साडेतीनला आले. चांगला मुलगा होता, वागायला नम्र. रऊफभाईंना खुर्ची दिली, ते खाली बसले. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून एकेक व्हॉल्व विचारला आणि रऊफभाईंनी एकेक बरोबर सांगितला, फेऱ्यांसकट. कोणता महिना चालू आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण बाजारपट्टीत दोन हात चुकलो होतो, हेही त्यांनी सांगितलं. मग साहेबांचं बोट डीपीच्या खांबाशी आलं.

"ही पेन्सिलीची रेघ कशाची?"

रऊफभाई पुढे वाकले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे काही हललं नाही.

"असा जोड न्हाई, साहेब. खालच्या गल्लीची लाइन चालू आहे. बाईनं चुकून मारली असंल." मग माझ्याकडे पाहून हसले. "कालच तिथं खणून बघितलं ना मी."

काल ते घराबाहेर पडले नव्हते. म्हणजे ते लपवत नव्हते, त्यांना आठवत नव्हतं. डॉक्टरने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, आणि पडवीत ठरलेलंही. आता मला ठरवायचं होतं. साहेबांनी माझ्या डब्यातलं खोडरबर उचललं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं. म्हटलं, कागद फाटेल, मी खोडते, नकाशा संध्याकाळी शिपायाला पाठवून मागवून घ्या.

मी खोडणारच होते, हे इथे कबूल करते. ज्याने जोड दिला तोच नाही म्हणतोय, मग मी कोण सांगणारी, असं कारण मला आयतं मिळालं होतं. त्याच्या मागचं खरं कारण मला ठाऊक होतं. यजमानांची सही, गल्लीतल्या बायकांच्या नजरा, आणि या वयात कुणाशी तोंड वाजवायचा कंटाळा. पस्तीस घरांपैकी एकाही घरात मी कधी पाणी प्यायलेली नव्हते.

दोघं निघाले. मी ओट्यावर आले. साहेब फोनवर बोलत रस्त्याच्या मधून सरळ चालले होते. रऊफभाई त्यांच्या थोडे मागे, डाव्या अंगाने, ओट्यांना खेटून. खांद्यावर चावी नव्हती, ती ऑफिसात जमा झाली होती, पण उजवा खांदा सवयीने खाली झुकलेला. एक घर, दोन घरं, तीन, चार. त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. डीपीच्या खांबापाशी साहेब फोनवर काहीतरी ऐकायला थांबले आणि तिथेच बूट रोवून उभे राहिले. रऊफभाई मागून आले. रस्ता सपाट होता. त्यांनी साहेबांना बाजूने वळसा घातला, एक लांब टांग टाकली आणि पलीकडे जाऊन पुढे चालू लागले.

मी आत आले. खोडरबर डब्यात ठेवलं आणि निळी आणि काळी शाई काढली. पेन्सिलीवर शाई एका दमात चढवायची, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवत आले. मी दोनदा टाक उचलला. रेघ कशीबशी सरळ आली, पण जोडाचं काळं टिंब बाकीच्या टिंबांपेक्षा मोठं पडलं. चार वाजले होते, नळाला पाणी आलं होतं, आणि खालच्या गल्लीतून हंड्यांचा आवाज येत होता.